आक्का जेवत्यात, वाईच थांबा

माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात, थोडा वेळ खाली बघतात, "लई वाईट झालं" म्हणतात आणि उठतात. आमच्याकडं तसं होत नाही. आमच्याकडं लोक येतात, खाली बघतात आणि मग हळूच हसायला लागतात. "ते म्हशीचं ठाऊक हाय का तुला?" असं म्हणून एकजण सुरू होतो. तो सांगून उठेपर्यंत दुसरा उंबऱ्यात उभा असतो. पंधरा-वीस दिवसांत एवढे किस्से जमलेत की घरात ठेवायला जागा नाही. त्यातले निम्मे मला आधीपासून ठाऊक आहेत, कारण त्या वेळी मी तिथंच होतो. पण मला मधे बोलता येत नाही, म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकतो.

बोलता येत नाही म्हणजे मी मुका नाही. लाजतो. मराठी सहावीत शाळा सुटली त्याचं अर्धं कारण तेच. गुरुजी प्रश्न विचारायचे, उत्तर मला येत असायचं, आणि मी उभा राहून पायाचा अंगठा बघत बसायचो. म्हणून हे लिहून काढतोय. कागद काही आपल्याकडं बघत नाही.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणायचे म्हणून मी आक्का म्हणायला लागलो, मग आमची गल्ली, मग अर्धी निपाणी. तिचं लग्न लहानपणीच झालं होतं. मारीच्या साथीत सगळं गाव उठून माळावर झोपड्या घालून राहिलं, त्यात तिचा नवरा गेला. तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्या झोपड्यांत ज्यांच्याजवळ कुणी जाईना, त्यांना ही पाणी पाजत हिंडायची. साथ गेली, गाव परत घरात आलं, पण आक्काचं हिंडणं काही थांबलं नाही. बाळंतपण असो, ताप असो, भाजलेलं-पडलेलं असो, नाहीतर रुसून माहेरी निघालेली सून असो, निरोप आला की आक्का निघाली.

आता एक गोष्ट आधीच सांगायला पाहिजे. आम्ही जैन. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. सूर्य बुडायच्या आत जेवलात तर जेवलात, नाहीतर सकाळपर्यंत उपास. आक्का हे फार कडक पाळायची. आणि लोकांना आक्का लागायची ती नेमकी त्याच वेळेला! तंबाखूच्या वखारी तेव्हाच सुटतात. गुरं तेव्हाच घरी येतात. ताप तेव्हाच चढतो. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा तेव्हाच सुरू होतं.

त्यामुळं आक्का आज जेवली का, हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता. बहुतेक दिवशी उत्तर 'नाही' असायचं.

* * *

आप्पा, म्हणजे माझे वडील, शेवटच्या आजारात होते तेव्हाची गोष्ट. आई तर मी लहान असतानाच गेली होती. घरात शेजारीपाजारी जमलेले. सगळ्यांना वाटलं, आता आप्पा घरादाराचं काहीतरी सांगणार. आप्पांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "नेमू, आक्काला येळेवर जेवू घाल."

मी मान हलवली.

"नुसती मान हलवू नको. दारात कोण आलं तर म्हणायचं, आक्का जेवत्यात, वाईच थांबा. म्हण बघू."

एवढ्या माणसांत मला काय म्हणता येणार! मी अंगठा बघितला.

"चार शब्द हाईत रं," आप्पा म्हणाले. "फकस्त चार."

हे काही त्यांचं शेवटचं बोलणं नव्हतं, त्यानंतर त्यांनी एकदा पाणी मागितलं. पण माझ्यापुरतं ते शेवटचं.

मी शिंपीकाम करतो. मशीन सोप्यात आहे, दाराला लागून. येणारा माणूस आधी मला दिसतो, मग आक्काला. म्हणजे राखणदाराची जागा एकदम बरोबर होती, माणूस तेवढा चुकला होता. मी सराव मात्र केला. मशीनचं चाक फिरवत म्हणायचो, "आक्का जेवत्यात, वाईच थांबा." मशीनपुढं फार छान जमायचं.

पहिल्याच आठवड्यात गवळी पळत आला. आक्कानं नुकती भाकरी मोडली होती. मी उठून उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "आक्का!"

पुढचे तीन शब्द घशातच राहिले.

"आले रं!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ हात पुसत आक्का.

गवळी माझ्याकडं बघून हरखून गेला. "काय गुणाचं पोरगं हाय! मी तोंड उघडायच्या आधीच हाक मारली!"

तेव्हापासून माझी तशी ख्यातीच झाली. लोक दारात यायचे, काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडं बघून उभे राहायचे!

* * *

त्या दिवशी गवळ्याची म्हैस अडली होती. जनावराचं कसं सांगावं म्हणून तो वाटेत घुटमळला. आक्का म्हणाली, "तू कशाला सांगतोस? तिला काय सांगायचं ते ती सांगंल. चल."

दुसऱ्या दिवशी आक्काला बाजारात डॉक्टर भेटले. हे डॉक्टर चांगले होते. हात कसे धुवायचे, कातर किती वेळ उकळायची, सगळं त्यांनीच आक्काला शिकवलं होतं. भेटले की चौकशी करायचे.

"काय आक्का, कालची बाळंतीण कशी आहे?"

"बरी हाय की. मगाशीच बघून आले. पेंड खातीया."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पेंड? बाळंतिणीला पेंड? अहो, तुम्हीसुद्धा असं करायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं!" मग भर बाजारात त्यांनी पथ्यपाण्यावर भाषण केलं. हलकं अन्न द्या, तांदळाची पेज द्या, चार दिवस दूध द्या.

आक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "दूध तीच देतीया, साहेब."

* * *

समोर हसीनाबी राहते. बांगड्या भरायचा तिचा धंदा, आणि आक्काची ती जिवाची मैत्रीण. दोघी दिवसातून एकदा तरी भांडायच्या. आक्काच्या उपासांवर हसीनाबीनंच पहिल्यांदा तोड काढली.

"आक्का, तुजं जेवण चारला कर. लोक येतात दिवस मावळताना. तवर तुजं पोट भरलेलं असंल. मग जा कुठं बी."

हे सगळ्यांनाच पटलं. स्वयंपाक मी करतो. शिंप्याचा हात असल्यामुळं भाकरी गोल येते. दुसऱ्या दिवसापासून मी चारच्या ठोक्याला ताट वाढायला लागलो. चार दिवस आक्का पोटभर जेवली. हसीनाबीनं गल्लीभर सांगितलं, "आता आमची आक्का चारला जेवती!"

गल्लीनं गावाला सांगितलं. आणि गाव फार समजूतदार. आक्का चारला जेवतात म्हणजे साडेचारला मोकळ्या सापडतात, हे लोकांनी लगेच ओळखलं. आठवडाभरात साडेचारला दारात माणसं यायला लागली. त्यात आधीच्या एकाकडनं आक्का परत येऊन ताटावर बसायलाच साडेचार वाजायचे, तोवर दुसरा हजर!

आम्ही जेवण तीनला केलं. लोक साडेतीनला यायला लागले.

शेवटी हसीनाबीच म्हणाली, "बस झालं. असंच चाललं तर ही सकाळची न्याहारी करून म्हणंल, रातचं जेवण झालं."

जेवण पुन्हा होतं त्या वेळेवर आलं. म्हणजे ताट आलं. आक्का नाही.

* * *

मग मी पितळी डबा काढला. म्हटलं, आक्का घरी जेवत नाही तर जिथं असेल तिथं जेवेल. रोज दोन भाकरी, भाजी, चटणी भरून डबा तिच्या पिशवीत ठेवायला लागलो. डबा रिकामा परत यायचा. मी आठ दिवस खूश होतो.

नवव्या दिवसापासून डबा आक्काच्या हातातून यायचा बंद झाला. दुसरंच कुणीतरी आणून द्यायचं. आणि आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यामुळं डब्यात कधी गुळाचा खडा, कधी मूठभर शेंगा, कधी हरभऱ्याची भाजी. म्हणजे आमच्या भाकरी कुठं जात होत्या ते मला कळलं.

एकदा नदीकाठच्या भोयांच्या आळीतून एक बाई डबा घेऊन आली. तिचा मुलगा तापातून उठला होता आणि आमच्या भाकरी त्यानंच खाल्ल्या होत्या. डबा देऊन, हात जोडून बाई गेली. सोप्यात एक गिऱ्हाईक सदऱ्याचं माप द्यायला उभं होतं. मी डबा उघडला. आत सुकट! नदीतली बारीक मासळी, चांगली वाळवलेली, डबा काठोकाठ.

गिऱ्हाईक एक हात वर धरलेल्या अवस्थेत घराबाहेर गेलं. तेही जैनच होतं.

आक्का बाहेर आली. म्हणाली, "तिच्या घरात होतं त्यातलं चांगलं तिनं दिलंय. नाक मुरडू नको." असं म्हणून तिनं स्वतः पदर नाकाला लावला, डबा हातभर लांब धरला आणि हसीनाबीला देऊन आली. "तुज्याकडं चालतंय. खा."

हसीनाबीनं सुकट खाल्ली. डबा राखेनं तीन वेळा घासला. मग तिच्यापुढं प्रश्न पडला. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तिलाही लागू होतं. तिच्या घरचं शिजवलेलं आम्हाला चालत नाही. बांगड्या द्याव्यात, तर आक्का विधवा. दोन दिवस डबा तिच्या कट्ट्यावर होता आणि ती त्याच्याकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या परड्यात शिरली, आमच्याच झाडाची चिंच तोडली, डब्यात भरली आणि मोठ्या मानानं आम्हाला आणून दिली!

* * *

अवघड पेशंट असला की आक्का त्याला बेळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जायची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. वंटमुरीचा घाट आला की पेशंट सोडून सगळे उतरून ढकलायचे. आक्काही ढकलायची. दवाखान्यात ती पोचायची तेव्हा पुष्कळदा पेशंटपेक्षा तिचीच अवस्था वाईट दिसायची.

तिथला कारकून फार नियमाचा माणूस. पहिल्यांदा आक्का एका हमालाला घेऊन गेली. वखारीत पोत्यांची थप्पी अंगावर येऊन त्याचा पाय मोडला होता.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

"शेजारीण."

"शेजारीण चालत नाही. ऑपरेशनच्या फॉर्मवर नात्याच्या माणसाचा अंगठा लागतो."

"मग आई लिवा."

कारकुनानं आई लिहिलं. पंधरा दिवसांनी आक्का हसीनाबीच्या भाच्याला घेऊन गेली. "कोण?" "आई." कारकुनानं वर बघितलं, पण लिहिलं. त्यानंतर एका लिंगायत कुटुंबातल्या पोराला घेऊन गेली. तो तापात नुसता कानडीत बडबडत होता.

कारकुनानं टाक खाली ठेवला. "बाई, पहिला मुलगा मराठा. दुसरा मुसलमान. आता हा लिंगायत. तुम्हाला मुलं आहेत तरी किती?"

"अजून व्हायची हाईत," आक्का म्हणाली. "तुमी लिवा."

हा कारकून मूळचा कोकणातला. बेळगावात त्याचं कुणी नव्हतं. पुढच्या खेपेला आक्का गेली तर त्याच्या खुर्चीवर दुसराच माणूस. आतल्या खोलीतून जाताना एका खाटेवरून हाक आली, "ओ बाई!" बघते तर कारकून. हर्नियाचं ऑपरेशन होतं. उशाजवळ फॉर्म.

"जरा अंगठा पाहिजे होता," कारकून भिंतीकडं बघत म्हणाला.

* * *

माझ्या लग्नाचं बघायला पाहिजे, असं आक्काच्या मनात फार होतं. एकदा आम्ही दोघं चिकोडीकडच्या एका गावी मुलगी बघायला गेलो. घोंगडीवर बसलो, पाणी आलं, तेवढ्यात आतून कण्हल्याचा आवाज आला. मुलीच्या वहिनीचे दिवस भरले होते. आक्कानं तांब्या खाली ठेवला आणि पदर खोचून आत गेली.

सोप्यात मी आणि मुलीचे आजोबा राहिलो. आजोबाही लाजाळू निघाले. आम्ही दोघं दुपारभर अंगणातल्या एकाच शेळीकडं बघत होतो. मुलगी पाणी तापवत होती. ती मला दोन वेळा पाठमोरी दिसली. एकदा सरपण नेताना, एकदा बादली नेताना.

मुलगा झाला. सगळ्यांना आनंद झाला. आमच्या हातावर गूळ ठेवला. आम्ही निघालो. वेशीपाशी आल्यावर मी धीर करून म्हणालो, "आक्का, मुलगी..."

"अगं बया!" आक्का म्हणाली. पण दिवस कलला होता आणि मोटारीची वेळ झाली होती.

दुसऱ्या गावी मुलीच्या आईच्या जाऊबाई बाळंत झाल्या. तिसऱ्या गावी तर शेजारीण. तीन गावं झाली, तीन बाळं झाली, मी आहे तसाच आहे.

आता तिकडच्या भागात असं झालंय म्हणतात, की घरात बाईचे दिवस भरत आले की निपाणीच्या नेमाला मुलगी दाखवायची.

* * *

श्रावणातली झड लागली होती. चार दिवस आभाळ गच्च. आक्का त्या चार दिवसांत एकदाही वेळेवर घरी आली नव्हती. सलग चार उपास झालेले. पाचव्या दिवशी ती भिजून आली आणि मी ताट मांडलं. पण सूर्य बुडालाय की नाही, हेच कुणाला कळेना. घड्याळ बंद पडलेलं. आभाळ सगळीकडं सारखंच.

"बुडला असंल," आक्का म्हणाली. "उचल ताट."

हे शेजारच्या रामू पैलवानानं ऐकलं. पैलवान म्हणजे कुस्तीतला मोठा माणूस, पण मन हळवं. आक्कानं त्याचा खांदा दोनदा बसवून दिलेला. तो धडाधडा आमच्या कौलांवर चढला. चार कौलं फुटली. वरनं ओरडला, "दिसतोय! आक्का, दिसतोय! अजून कासराभर वर हाय!"

आक्का अंगणात आली. वर बघितलं. पैलवानाच्या मागं काळंकुट्ट आभाळ.

"पैलवान, खरं सांग."

"मारुतीची शपथ! हितनं झ्याक दिसतोय! जेवा तुमी!"

गल्ली जमली. सगळ्यांनी मान वर करून आभाळ बघितलं आणि एकेकजण म्हणायला लागला, "व्हय व्हय, दिसतोय की." हसीनाबी तर म्हणाली, तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय.

मी म्हणालो असतो, पण मला जमलं नाही.

आक्कानं सगळ्यांकडं बघितलं. मग हसीनाबीच्या खुराड्याकडं बघितलं. कोंबड्या एका ओळीत, माना पंखांत घालून, गाढ बसलेल्या.

"पैलवान म्हणतोय दिसतोय," आक्का म्हणाली. "कोंबड्या म्हणत्यात बुडला. मी कोंबड्यांचं ऐकते."

ताट उचललं. रात्री फुटक्या कौलातून पाणी गळायला लागलं, तेव्हा आक्कानं खाली ठेवलं ते तेच ताट.

* * *

शेवटच्या आजारात मात्र आक्का रोज वेळेवर जेवली. उठताच येत नव्हतं, म्हणून. मी वाटीत तीन बोटं पेज घेऊन चमच्यानं भरवायचो. सूर्य तेव्हा चांगला वर असायचा. एकदा ती म्हणाली, "नेमू, रोज अशी जेवले असते तर केवढी जाडी झाले असते रं मी!"

मी पुढचा चमचा भरला. आप्पांना मी शब्द दिला नव्हता, नुसती मान हलवली होती. पण मान हलवली होती. आणि इतक्या वर्षांत दारात आलेल्या एकाही माणसाला मला ते चार शब्द म्हणता आले नव्हते. आणि एक सांगतो. मी स्वतः रोज वेळेवर जेवत होतो.

ती गेल्यावर लोक यायला लागले ते मी सुरुवातीला सांगितलंच. किस्से सांगून झाले की उठताना प्रत्येकजण एक गोष्ट आठवणीनं सांगतो. गवळी म्हणाला, हमाल म्हणाला, भोयांची बाई म्हणाली. कारकुनानं बेळगावहून कार्ड टाकलं, त्यातही तेच होतं.

"एक मात्र आमी कायम पाळलं. आक्का जैन माणूस, लवकर जेवणार. म्हणून जेवणाच्या येळंला कधी आलो न्हाई. जेवण आटपलं असंल असं बघूनच यायचो."

* * *

परवाची गोष्ट. उन्हं उतरायला लागली तसं मी मशीन बंद केलं. भाकरी थापल्या, आमटी केली, ताटं वाढली. वाढून झाल्यावर बघितलं तर दोन ताटं. हसीनाबी मागच्या दारात बसून होती. तिनं ताटांकडं बघितलं आणि परड्यातल्या चिंचेकडं तोंड फिरवलं. दुसरं ताट उचलावं की राहू द्यावं ते मला ठरवता येईना, म्हणून मी तसाच उभा होतो.

सोप्यात पावलं वाजली. बाहेर गेलो. कुठल्यातरी लांबच्या वाडीवरचा माणूस होता. डोक्याला पटका, गुडघ्यापर्यंत धूळ, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्याला काही कळलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. तो हसत होता.

"आक्का हाईत न्हवं घरात? लेकीच्या पोराचं बारसं हाय. आक्कांच्याच हातचं पोरगं. बोलवाय आलतो." मग जरा ओशाळून म्हणाला, "म्हटलं दिवस मावळतीला आला, आक्कांचं जेवण झालं असंल. म्हणून ह्या टायमाला आलो."

त्याला सांगायला पाहिजे होतं. मी उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला.

"आक्का जेवत्यात," मी म्हणालो. "वाईच थांबा."

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारून पैलवान बाहेर आला.

"व्हय?" त्या माणसानं जीभ चावली आणि दोन पावलं मागं सरकला. "मग जेवू द्यात की! निवांत जेवू द्यात! माजं काय घाईचं न्हाई."

आणि तो पायरीवर बसला. फडक्यातलं गाठोडं मांडीवर घेतलं.

पैलवानानं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसला. हसीनाबी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो दोघांच्या मधे ठेवला. परत आत जाताना तिनं दार हळूच अर्धं लोटून घेतलं.

कौलांवर अजून ऊन होतं.